सुलेमानिये: घुमटाचा रेटा आणि दिव्यांची काजळी

इस्तंबूलच्या टेकडीवरची सुलेमानिये मशीद पाहणाऱ्याची नजर आधी घुमटाकडे जाते. मला मात्र तिथली सर्वांत विलक्षण जागा वाटते ती मुख्य दारावरची छोटी खोली. मशिदीत रात्री तेलाचे शेकडो दिवे जळत. गरम धूर वर चढणारच, पण तो नक्षीवर बसू न देता या खोलीकडे वळवायचा, तर आतल्या हवेचा प्रवाहच हिशेबाने बांधावा लागतो. स्थापत्यकार मिमार सिनान याने तो बांधला. खोलीत साचलेली काजळी खरवडून, डिंकात घोटून शाई करत. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने विटत नाही, म्हणून अशी अक्षरे शतकानुशतके काळीभोर राहतात.

सुलतान सुलेमानसाठी १५५० मध्ये सुरू झालेले हे काम १५५७ मध्ये पुरे झाले. घुमटाचा व्यास सुमारे २६.५ मीटर, उंची सुमारे ५३ मीटर. एवढा घुमट नुसता खाली दाबत नाही, तो भिंतींना बाहेरही ढकलतो. जवळच्याच आयासोफिया या त्याहून कितीतरी जुन्या, मुळात चर्च म्हणून बांधलेल्या इमारतीचा पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला होता. सिनानने हा रेटा दोन बाजूंना अर्धघुमटांवर घेतला आणि उरलेल्या दोन बाजूंना जाडजूड आधारभिंतींवर. या आधारभिंती त्याने निम्म्या आत, निम्म्या बाहेर ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये सज्जे बसवले. त्यामुळे एवढा भार पेलणारे दगड डोळ्यांना खुपत नाहीत. मला यातच त्याची खरी प्रतिभा दिसते.

आवाजाचाही विचार आहे. घुमटात मातीची पोकळ भांडी बसवलेली आहेत. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो. भांड्यातली हवाही तशीच ठरावीक सुराला थरथरते आणि त्या आवाजाची थोडी ऊर्जा खाते. घुमटाखाली आवाज फार घुमला तर शब्द एकमेकांत मिसळतात, ते काही अंशी टळते.

१६६० च्या आगीत मशिदीचे नुकसान झाले, १७६६ च्या भूकंपात घुमटाचा काही भाग पडला. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली. सिनान मात्र या रचनेवर थांबला नाही. १५७५ मध्ये तुर्कस्तानातल्याच एदिर्ने शहरात पूर्ण झालेल्या सेलिमिये मशिदीत त्याने चारऐवजी आठ आधार घेतले आणि घुमटाचा व्यास ३१ मीटरपर्यंत नेला.