कडक चहाचा तुरटपणा: चव की स्पर्श?

'कडक' या एका शब्दात आपण चहाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. दूध-साखर न घातलेल्या, दाट रंगाच्या कोऱ्या चहाचा एक घोट घ्या आणि जरा थांबा. आधी कडवटपणा जाणवतो. गिळता गिळता नाकात भाजलेल्या धान्यासारखा, थोडा मधाकडे झुकणारा वास येतो. आणि घोट उतरल्यावर, जरा उशिरानं, गालांची आतली बाजू आवळून येते, जीभ टाळूला घासायला लागते. यातली पहिली चव, दुसरा गंध. तिसऱ्या गोष्टीला बहुतेक संशोधक चव मानत नाहीत, तो मुख्यतः स्पर्श आहे. चहाबरोबर काय खावं याचं उत्तर बरंचसं या तिसऱ्या गोष्टीत आहे, असं माझं मत. चहाच्या डब्यांवरची वर्णनं मात्र दुसरीभोवतीच घुटमळतात.

षड्रसांमध्ये तुरटाला चवीचा मान आहे. आजचं शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (म्हणजे मांसाच्या रश्शासारखी रुचकर) या मूळ चवी मानतं आणि तुरटाला त्या पंगतीबाहेर बसवतं. त्याचं कारण लाळेत आहे. लाळेत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली प्रथिनं असतात आणि लाळेच्या बुळबुळीतपणात प्रथिनांचा मोठा वाटा असतो. चहातली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतिद्रव्यं या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे बारीक गोळे होतात आणि तोंडातलं वंगण कमी होतं. बिजागरीतलं तेल पुसून घेतल्यासारखंच ते. वाढलेलं घर्षण चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या चेतेमार्फत मेंदूला कळतं. म्हणूनच कडवटपणा पहिल्या घोटातच समजतो, पण तुरटपणा घोटागणिक साचत जातो.

ही पॉलिफेनॉल येतात कुठून? चहाच्या ताज्या पानात कॅटेचिन नावाची रंगहीन द्रव्यं असतात. पानं सुकवून चुरगळली की पेशी फुटतात, पानातलंच एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं कॅटेचिनना जोडायला लागतं आणि कापलेल्या सफरचंदासारखी पानं तपकिरी होतात. धंद्यात याला 'आंबवणं' म्हणतात, पण त्यात जंतूंचा काही हात नसतो. यातून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन असे दोन गट तयार होतात, ज्यांची ओळख १९५०च्या दशकात ई. ए. एच. रॉबर्ट्स या रसायनशास्त्रज्ञानं पटवून दिली. कोरड्या चहात थिआफ्लेविन जेमतेम एक-दोन टक्के असतं, पण सोनेरी झळाळी आणि जिभेला बसणारा तरतरीत चटका त्याचा. थिआरुबिजिन त्याच्या कितीतरी पट असतं. लालसर तपकिरी रंग आणि तोंडात भरणारा दाटपणा त्याच्याकडून येतो. आसामी जातीच्या मोठ्या पानांत कॅटेचिन जास्त असल्यामुळे तो चहा मुळातच कडक. त्यात सीटीसी यंत्रातून, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून दाणेदार केलेला असला, तर त्याचा अर्क आणखी झपाट्यानं उतरतो.

चाखायची पद्धत सांगतो. यासाठी चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वर नुकतं उकळलेलं पाणी, झाकण आणि ६ मिनिटं. (याच पद्धतीच्या सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल मिळालं, आणि ते वाचल्यावर निवड चुकली असं वाटत नाही.) चहा चांगला व्हावा हा या मानकाचा हेतूच नाही. दोन चहांची तुलना सारख्या पायावर व्हावी, एवढंच. सहा मिनिटांचा अर्क प्यायला उग्रच असतो, पण त्यात पत्तीचे गुण-दोष काही लपत नाहीत.

चहा थोडा निवू द्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीनं संशयास्पद असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये म्हटलं आहे. शिवाय भाजलेल्या जिभेला बारकावे कळत नाहीत. मग चमच्यानं घेऊन जोरात भुरका मारा. भुरक्यासरशी चहाचा फवारा होतो आणि त्यातले गंधरेणू घशाच्या मागून नाकात चढतात. व्यावसायिक चाखणारे आवाजाची लाज बाळगत नाहीत, तुम्हीही बाळगू नका.

आता नाक चिमटीत धरून दुसरा घोट घ्या. भाजक्या धान्याचा वास गायब, कडू आणि तुरट मात्र जागच्या जागी. चिमूट सोडली की वास परततो. तिसऱ्या घोटाआधी चहात चमचाभर दूध घाला. आता तुरटपणा बोथट होतो, कारण दुधातलं केसीन हेही प्रोलीननं समृद्ध प्रथिन आहे. पॉलिफेनॉल लाळेऐवजी त्यालाच जाऊन चिकटतात.

खाण्याची जोडी जमते ती इथेच. तुरट चहा वंगण काढून घेतो आणि स्निग्ध पदार्थ वंगण घालतात. चवीचे संशोधक पॉल ब्रेस्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत याची तपासणी मांडली. लोकांनी चरबीयुक्त खारवलेलं मांस आणि चहा आलटून पालटून घेतला, तेव्हा तोंडातली तेलकट भावना पाण्यापेक्षा चहानं अधिक उतरली. दोन्ही संवेदना एकमेकींना खेचून धरतात. त्यामुळे लोणी लावलेला टोस्ट, जुनं चीज, अंडी, तळलेलं काहीही यांच्याबरोबर कडक कोरा चहा शोभतो. प्रत्येक घास तुरटपणा खोडतो, प्रत्येक घोट तेलकटपणा धुतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

वासावरून जोड्या लावणारे चॉकलेट सुचवतात. त्याला आधार आहे. चहा वाळवताना ल्युसीन आणि आयसोल्युसीन या अमिनो आम्लांपासून मिथाइलब्युटनाल नावाची द्रव्यं बनतात, आणि कोकोच्या व पावाच्या भाजलेल्या कडेच्या वासातही तीच असतात. पण काळंकुट्ट चॉकलेट स्वतःच कडू आणि तुरट. दोघे मिळून तोंडाचं वाळवंट करतात. मी दुधाचं चॉकलेट निवडेन. त्यात गंधाचं नातं टिकतं आणि स्निग्धतेची सोयही होते. फार गोड मिठाईनंतर मात्र तोच चहा विनाकारण कडू लागतो, कारण जीभ गोडाला सरावलेली असते.

मिठाची गोष्ट आणखी गमतीची. मीठ कडवटपणा दाबतं, हे ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचँप यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये मिशेल फ्रँकल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी चहात मिठाची कणी टाकायचा सल्ला दिला. त्यावर ब्रिटनमध्ये असा गदारोळ उठला की लंडनच्या अमेरिकी दूतावासाला थट्टेनं खुलासा काढावा लागला. चहात नको असेल तर मीठ ताटात ठेवा. खाऱ्या चीजबरोबर चहा मवाळ लागतो, त्यात याचाही भाग आहे.

तिखटाबरोबर गरम कोरा चहा नको. मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन आणि उष्णता दोन्ही तोंडातल्या एकाच ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतात, त्यामुळे आग दुप्पट वाटते. तिथे दुधाचा, कोमट चहा बरा. लिंबू पिळलंत तर आम्लामुळे थिआरुबिजिनचा रंग फिका होतो, पण तुरटपणा काही कमी होत नाही. आणि ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे त्यांनी ही सगळी जोडी जेवणापासून दूर ठेवावी. पॉलिफेनॉल वनस्पतिजन्य अन्नातलं लोह धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवल्यानं हा परिणाम बराच कमी होतो.

एक कप न पिता बाजूला ठेवून द्या. चहा खरोखर कडक असेल तर निवल्यावर गढूळ होईल. खराब झाला म्हणून ओतू नका. कॅफीन आणि थिआफ्लेविन एकमेकांना बिलगून पाण्यातून बाहेर पडलेली असतात. चाखणारे याला चांगल्या पत्तीची खूण मानतात. पुन्हा गरम केला की कप स्वच्छ होतो.