मत्स्यजिऱ्याचे प्रारंभिक पोषण आणि पेंडीचे खाद्य (मराठवाडा)

कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांचे पिलू पोटाखालची बलकाची पिशवी संपल्यापासून बोटुकली (बोटाएवढे पिलू) होईपर्यंत जो आहार घेते, त्याला प्रारंभिक पोषण म्हणतात. मराठवाड्यात शेततळी वाढली, तशी सोयाबीन, शेंगदाणा, सरकी, करडई यांची पेंड माशांच्या खाद्यात आली. मोठ्या माशाला यातले बरेच काही चालते. पहिल्या पंधरवड्यात मात्र पिलू जगते ते पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवंत प्राण्यांवर, म्हणजे प्राणीप्लवंगावर. पेंडीचे पहिले काम तो प्लवंग पोसण्याचे आहे. जिरे (बलक संपताना विकली जाणारी इवली पिले) सोडून वरून पीठ टाकत राहणे म्हणजे संगोपन, ही समजूत मोठ्या मरतुकीला कारण ठरते.

अंड्यातून निघालेले पिलू सुमारे 3 दिवस बलकावर राहते. नंतर 6 ते 8 मिमी लांबीचे जिरे विक्रीला येते. त्याचे तोंड इतके बारीक असते की सुरुवातीला त्यात रोटिफरसारखे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले जीवच मावतात. मोइना, डॅफ्निया या पाणपिसवा नंतर. कार्पला जठर नसतेच, आणि या वयात आतड्यातले पाचकरसही अपुरे असतात. जिऱ्याच्या आहारात 40 ते 45 टक्के प्रथिने लागतात. शेंगदाणा पेंड (सुमारे 42 टक्के) आणि भाताचा कोंडा (सुमारे 12 टक्के) निम्मे-निम्मे मिसळले तर हाती येतात 27 टक्के. उरलेली तूट प्लवंगच भरून काढतो.

तळ्याची तयारी : संगोपनाला 1 ते 1.5 मीटर खोल पाणी पुरे. 3 मीटर खोल शेततळे वापरायचे असेल तर ते तेवढेच भरावे. 10 गुंठ्यांना 75 किलो शेंगदाणा पेंड, 20 किलो ताजे शेण आणि 5 किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागते. यातले निम्मे पाण्यात कालवून घट्ट रबडी करावी आणि जिरे सोडण्याच्या 2-3 दिवस आधी तळ्यात सगळीकडे शिंपडावी. उरलेले पुढे दोन-तीन हप्त्यांत द्यावे. ही वेळ चुकवू नये. खत दिल्यावर आधी रोटिफर वाढतात, मग मोइना, आणि त्यानंतर सायक्लोप्ससारखे शिकारी सूक्ष्मजीव व पाणकिडे. खत फार आधी पडले तर जिरे पोहोचेपर्यंत खाद्य संपलेले असते आणि खाणारे हजर असतात. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तळाची माती पाण्याला लागत नाही, त्यामुळे प्लवंग आपोआप फारसा येत नाही. तिथे हप्ते चुकले की पाणी लगेच निवळते.

जिरे सोडण्याच्या 12 ते 24 तास आधी पाणकिडे मारावे लागतात. 10 गुंठ्यांना 5.6 किलो स्वस्त खाद्यतेल आणि 1.8 किलो कपड्याचा साबण गरम पाण्यात एकजीव करून वारा पडलेला असताना पसरावा. तवंगामुळे हवा घ्यायला वर येणारे किडे गुदमरतात. वारा असेल तर तवंग एका काठाला जमतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

प्लवंग मोजायला 50 लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळून उरलेले काचेच्या नळीत घ्यावे, चिमूटभर मीठ टाकावे आणि थोडा वेळ थांबावे. तळाशी 1 ते 2 मिली तपकिरी थर बसला तर पाणी तयार आहे. थर हिरवा असेल तर ते शेवाळ आहे. जिऱ्याला त्याचा उपयोग नाही.

सोडणे आणि चारा : 10 गुंठ्यांत 3 ते 5 लाख जिरे सोडतात, नवख्याने 3 लाखांवर जाऊ नये. जिऱ्याची पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवावी, तळ्याचे पाणी थोडे-थोडे आत घ्यावे आणि मग जिरे आपणहून बाहेर पडू द्यावे. पेंड-कोंड्याचे पीठ मलमलीतून चाळून, 1 लाख जिऱ्याला पहिले 5 दिवस रोज 600 ग्रॅम आणि नंतर रोज 1,200 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. मराठवाड्यात भात फारसा नाही, त्यामुळे भाताच्या कोंड्याऐवजी गव्हाचा भुसा (दाण्याचा कोंडा, काड नव्हे) बारीक दळून वापरता येतो. 15 ते 20 दिवसांत पिले 20-25 मिमीची होतात. 100 पैकी 30 ते 50 हाती आली तर संगोपन जमले म्हणावे. पहाटे पिले पृष्ठभागावर तोंड काढू लागली तर खाद्य आणि खत दोन्ही लगेच थांबवून ताजे पाणी सोडावे. जाळे ओढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

कोणती पेंड, किती : लातूर परिसरात सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोयाबीन पेंड) सहज मिळते. तिच्यात 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि कारखान्यात उष्णता लागल्याने ट्रिप्सिन हा प्रथिने पचवणारा रस रोखणारे घटक बरेच निकामी झालेले असतात. कच्चे सोयाबीन दळून टाकले तर तेच घटक पचन अडवतात. प्रथिनांच्या आवश्यक घटकांपैकी (अमिनो आम्ले) सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी, शेंगदाण्यात लायसिन आणि मिथिओनिन दोन्ही कमी. म्हणून दोन पेंडी मिसळूनच द्याव्यात. सरकीची ढेप घरी जनावरांसाठी असतेच, म्हणून ती तळ्यात टाकण्याचा मोह होतो. टरफलासहित ढेपेत तंतू फार असतात, शिवाय सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लायसिनला बांधून ठेवते. जिऱ्याला ती अजिबात देऊ नये. करडईची पेंडही सालीसकट असल्यास मोठ्या माशांसाठीच ठेवावी.

शेंगदाणा पेंडीचा खरा धोका बुरशीचा. पावसाळ्यात गोणी जमिनीला टेकली की खालची पेंड गोळे धरते, कुबट वास मारते. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून किंवा भाजून जात नाही. अशी गोणी वरवर निवडून वापरू नये, टाकून द्यावी.

बोटुकलीसाठी घरचे मिश्रण असे करता येते : सोया डीओसी 40 किलो, शेंगदाणा पेंड 20, गव्हाचा भुसा 37, खनिज मिश्रण 2, मीठ 1. यात सुमारे 32 टक्के प्रथिने बसतात. वनस्पतीतला बराचसा फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि कार्पला तो सोडवून घेता येत नाही, म्हणून खनिज मिश्रण वगळू नये. ते घेताना मोनोकॅल्शियम फॉस्फेट असलेले शोधावे. जठराचे आम्ल नसल्याने कार्पला डायकॅल्शियम फॉस्फेट त्या मानाने कमी लागू पडते.

पिलाला लहानपणीच वनस्पतिजन्य खाद्याची सवय लावावी का, हा प्रश्न अलीकडे विचारला जातो. फ्रान्समधील संशोधकांनी 2013 मध्ये इंद्रधनुषी ट्राउटवर प्रयोग प्रसिद्ध केला. पहिले 3 आठवडे वनस्पतिजन्य खाद्य मिळालेल्या माशांनी पुढे तेच खाद्य अधिक खाल्ले आणि ते वाढलेही चांगले. ट्राउट मांसाहारी आहे आणि त्याला जठर असते. त्यामुळे हा निष्कर्ष कार्पच्या जिऱ्याला जसाच्या तसा लावून प्लवंगाची तयारी टाळणे चुकीचे ठरेल. मिश्र खाद्याची सवय लावायला योग्य वेळ 20-25 मिमीनंतरची. तेव्हा पीठ पाण्यावर न उधळता ओला गोळा करून ट्रेमध्ये ठेवावे आणि दोन तासांनी ट्रे उचलून पाहावा. गोळा उरला असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी द्यावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासे कमी खातात, त्या काळात हा ट्रेच रोजचे प्रमाण सांगतो.