उंदीर सुरुंग शोधतो म्हणजे नक्की काय शोधतो?

2025 च्या एप्रिलमध्ये कंबोडियातल्या रोनिन नावाच्या उंदराची गिनीज बुकात नोंद झाली, 109 भूसुरुंग शोधले म्हणून. फॉरवर्ड होत होत ती बातमी माझ्यापर्यंत आली तोवर उंदीर सुरुंग "निकामी करतो" असं झालं होतं, आणि खाली लोक मुक्या जिवाचा बळी देतात म्हणून गळे काढत होते. दोन्ही खोटं. उंदीर फक्त वास घेतो आणि वास आला तिथे खूण म्हणून माती खरवडतो. त्याचं वजन किलो-सव्वा किलो, आणि माणसांसाठी पेरलेल्या बहुतेक सुरुंगांना फुटायला चार-पाच किलोच्या वर दाब लागतो, त्यामुळे तो वरून चालत गेला तरी काही होत नाही.

मला कुतूहल आहे ते वासाचं. सुरुंग प्लास्टिकच्या डब्यात बंद, वर माती, पेरून झाली तीस-चाळीस वर्षं, मग वास येतो तरी कसला?

बऱ्याच सुरुंगांत भरलेलं स्फोटक म्हणजे टीएनटी. ते बनवतात टोल्युइन नावाच्या रसायनापासून, त्याला एकेक करत तीन नायट्रो गट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे) जोडून. दोनच जोडले गेले तर होतो डीएनटी, आणि कितीही काळजी घेतली तरी थोडा डीएनटी मालात राहतोच. आता गंमत बघा, टीएनटीची वाफ जवळजवळ होतच नाही, डीएनटीची त्यामानाने कितीतरी जास्त होते, म्हणून डब्यात तो चिमूटभर असला तरी जमिनीवरच्या हवेत बऱ्याचदा त्याचाच भरणा जास्त सापडतो. म्हणजे स्फोटकापेक्षा त्यात राहून गेलेला अर्धवट मालच जास्त चुगली करतो!

ही वाफ प्लास्टिकमधून आणि डब्याच्या सांध्यांतून अगदी सावकाश झिरपते. मातीत आल्यावर थोडी पाण्यात विरघळते, थोडी जीवाणू मोडून टाकतात, बाकीची मातीच्या कणांना चिकटते. माती कोरडीठाक असेल तर हे रेणू कणांना असे धरून बसतात की सुटता सुटत नाहीत, पण ओल आली की पाण्याचे रेणू त्या जागा बळकावतात आणि यांना हाकलून देतात, मग ते हवेत येतात. कोरड्या आणि ओल्या मातीत हा फरक हजारो पटींनी पडतो. शिवाय वरचं पाणी उन्हाने उडालं की खालचं केशाकर्षणाने वर चढतं आणि विरघळलेला डीएनटी सोबत आणतं. पाणी उताराला सरकलं तर वासही सरकतो, म्हणून उंदराने खूण केली तरी माणूस मेटल डिटेक्टर घेऊन आजूबाजूची जागाही तपासतो.

हे उंदीर आफ्रिकेतले, गालात पिशव्या असलेले. अपोपो नावाची संस्था टांझानियात मोरोगोरोच्या सोकोइने कृषी विद्यापीठात त्यांना तयार करते. स्फोटकाचा वास ओळखला की क्लिक आणि केळ्याचा तुकडा, असं जवळपास वर्षभर. शेतात आधी गवत कापतात, दोन माणसं दोन टोकांना दोरी धरतात आणि पट्ट्याने तिला अडकवलेला उंदीर तिच्या कडेने जमीन हुंगत इकडून तिकडे जातो. निशाचर प्राणी, म्हणून काम भल्या पहाटे, आणि कानाला-शेपटीला चक्क सनस्क्रीन!

डिटेक्टर प्रत्येक खिळ्याला, पत्र्याला, काडतुसाला वाजतो आणि दरवेळी गुडघे टेकून हळूहळू खणावं लागतं. टेनिस कोर्टएवढ्या जागेला त्यात चार दिवसही जातात. उंदीर लोखंडाकडे बघतही नाही, त्याचं अर्ध्या तासात उरकतं. संशयित म्हणून सोडून दिलेल्या बऱ्याचशा जमिनीत सुरुंग नसतोच, पण कुठे नाही हे कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळंच रान पडीक राहतं. त्यामुळे "इथे काही नाही" हे लवकर आणि खात्रीने कळणं शेतकऱ्याला एखादा सुरुंग सापडण्याइतकंच मोलाचं.

खात्रीने हा शब्द महत्त्वाचा, कारण या धंद्यातही भोंदू आहेत. एडीई 651 नावाचं "बॉम्ब डिटेक्टर" इराकने कोट्यवधी डॉलर मोजून घेतलं होतं, आत काहीच नाही, मुठीवर डुलणारी एक अँटेना. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवणारे पाणाडे यापेक्षा वेगळं काय करतात? हात नकळत हलतो, एवढंच. पाणाड्याचा अंदाज चुकला तर पैसे बुडतात, तिकडे माणसं मेली.

कंबोडियात खरी गुंतागुंत सुरुंग निघाल्यावर सुरू होते. बट्टामबांग हा प्रांत म्हणजे देशाचं भाताचं कोठार, आणि 1980 च्या दशकात थायलंडच्या सीमेलगत सुरुंगांचा पट्टा पेरला गेला तो याच भागातून पुढे जातो. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीने 1975 नंतर जमिनीची खासगी मालकीच रद्द केली, कागदपत्रं नष्ट झाली, त्यामुळे सातबारासारखं दाखवायला अनेकांकडे काही उरलं नाही. जमीन साफ झाली की तिला भाव येतो आणि इतकी वर्षं तिकडे न फिरकलेले लोक हक्क सांगायला येतात. म्हणून तिथे सफाईला हात घालायच्या आधीच प्रांताचं नियोजन पथक गावाला विचारून ठरवतं की आधी कुठली जमीन घ्यायची आणि मोकळी झाल्यावर ती कसणार कोण.