प्लाझ्मावर आय-थ्री: सोपी अदलाबदल अवघड कशी झाली
लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पाच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर आय-थ्री हा टायलिंग (विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडणारा) विंडो मॅनेजर बसवायच्या सूचना शोधल्या, तर एकमेकींशी न जुळणाऱ्या बऱ्याच सापडतात. त्यातल्या बहुतेक चुकीच्या नाहीत, फक्त वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी लिहिलेल्या आहेत.

मूळ एक्सच्या, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या रचनेत आहे. १९८७ च्या एक्स ११ मध्ये सर्व्हर विंडो दाखवतो. ती कुठे आणि केवढी ठेवायची, हे वेगळा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर ठरवतो. त्यासाठी तो रूट विंडोवर (स्क्रीनभर पसरलेल्या तळाच्या विंडोवर) ‘सबस्ट्रक्चर रीडायरेक्ट’ मागतो. मांडणीचा हा अधिकार एका वेळी एकालाच मिळतो. दुसऱ्याच्या वाट्याला नकाराची एरर, म्हणजे ‘बॅड अ‍ॅक्सेस’ येते. प्लाझ्माचा स्वतःचा विंडो मॅनेजर केविन चालू असताना आय-थ्री नुसते सुरू केले, की ‘दुसरा विंडो मॅनेजर चालू दिसतो, एक्स एरर १०’ अशा अर्थाचा संदेश येतो तो यामुळेच. म्हणजे प्रश्न केविनच्या आधी जागा पटकावण्याचा आहे.

डीडब्ल्यूएम (२००६), एक्समोनॅड (२००७), आय-थ्री (२००९) ही मंडळी फक्त विंडो सांभाळतात. वाय-फाय, आवाज, बॅटरी यांची व्यवस्था ज्याची त्याने लावायची. ती तयार मिळावी म्हणून लोक पूर्ण डेस्कटॉपमधला विंडो मॅनेजर तेवढा बदलू लागले. २०११ मध्ये ग्नोम ३ या दुसऱ्या डेस्कटॉपने ही वाट बंद केली: तिथे शेल (पॅनेल वगैरे दाखवणारा भाग) मटर या विंडो मॅनेजरच्या आतच चालते, त्यामुळे मटर काढले की पॅनेलही जाते. उरते ते जुन्या धर्तीचे फ्लॅशबॅक सेशन.

केडीईने दार उघडे ठेवले होते. ‘केडीईडब्ल्यूएम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आय-थ्रीचा पाथ दिला की काम व्हायचे. २०२२ मध्ये प्लाझ्मा ५.२५ ने सेशन सिस्टिमडीकडून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमकडून) सुरू करणे हाच डिफॉल्ट केला आणि त्या मार्गात हे व्हेरिएबल कोणी वाचतच नाही. एररही येत नाही, गुपचूप केविनच उभे राहते. त्यावर उपाय म्हणजे केविनची एक्स ११ सर्व्हिस यूजर पातळीवर मास्क करणे (कोणालाच सुरू करता येणार नाही अशी बंद करणे) आणि आय-थ्रीसाठी स्वतःची सर्व्हिस लिहून ती प्लाझ्मा-वर्कस्पेस टार्गेटला (सेशनबरोबर सुरू होणाऱ्या सर्व्हिसच्या गटाला) जोडणे. नुसते डिसेबल पुरत नाही, कारण सिस्टिमडीचे दुसरे युनिट केविनला ओढून आणते. स्प्लॅश स्क्रीनही बंद करावा. तो विंडो मॅनेजर तयार झाल्याच्या निरोपाची वाट बघत अडकू शकतो.

पुढची भांडणे प्लाझ्माशेलशी, म्हणजे पॅनेल आणि वॉलपेपर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमशी. त्याचा वॉलपेपर हीसुद्धा एक विंडोच. आय-थ्री तिला टाइल समजून स्क्रीनचा मोठा हिस्सा देऊ शकते. टायटल ओळखून ती बंद करणारा नियम कॉन्फिगमध्ये घालतात, पण आवृत्ती किंवा सिस्टिमची भाषा बदलली की टायटल बदलते आणि नियम लागत नाही. एक्सप्रॉप या विंडोची माहिती दाखवणाऱ्या कमांडने खरे टायटल पाहूनच नियम लिहावा. पॉपअपसाठी प्लाझ्माशेलच्या क्लासवर (विंडो कोणत्या प्रोग्रॅमची ते सांगणाऱ्या नावावर) फ्लोटिंगचा, म्हणजे टाइल न करता मोकळी ठेवण्याचा नियम लागतो. मेटा आणि आकडा हे शॉर्टकट टास्कबारने आधीच घेतलेले असतात. ते सेटिंग्जमधून काढल्याशिवाय वर्कस्पेस बदलत नाहीत.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये हा सगळा खटाटोपच निरर्थक ठरतो, कारण तिथे कंपोझिटर (विंडो एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, प्लाझ्मात केविन) हाच सर्व्हर आणि हाच विंडो मॅनेजर. फेब्रुवारी २०२४ मधल्या प्लाझ्मा ६ पासून डिफॉल्ट सेशन वेलँडचे आहे. त्यामुळे टायलिंग आता केविनच्या आतच करावे लागते: ५.२७ पासून मेटा-टी दाबून हाताने टाइल आखता येतात, आपोआप मांडणीसाठी क्रोनकाइटसारख्या स्क्रिप्ट आहेत. या स्क्रिप्ट केविनच्या एपीआयवर (स्क्रिप्टना वापरता येणाऱ्या आज्ञांवर) अवलंबून असतात आणि मोठ्या आवृत्तीबरोबर मोडतात. बिस्मथ ही अशीच एक स्क्रिप्ट प्लाझ्मा ६ पर्यंत पोचलीच नाही.