'फोर फाइव्ह'मध्ये जंतू अडकतात, मग 'टू टू' कशाला?

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. ('फोर फाइव्ह' आणि 'टू टू' म्हणजे ०.४५ आणि ०.२२ मायक्रॉनचे मेम्ब्रेन, द्रव गाळायचे पातळ पडदे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) विचारणारा मठ्ठ नसतो. ज्याने स्टरिलिटी टेस्ट, म्हणजे औषधात जंतू नाहीत ना हे बघणारी चाचणी, स्वतःच्या हाताने केली आहे, त्यालाच तो पडतो. फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) त्या चाचणीसाठी ०.४५ मायक्रॉनपर्यंतचा मेम्ब्रेन चालवून घेते. पाण्यातले कोलिफॉर्म जीवाणू मोजायलाही १०० मिलि पाणी चौकटी छापलेल्या ०.४५ च्या मेम्ब्रेनमधूनच ओढतात. आणि इंजेक्शनचं द्रावण गाळून निर्जंतुक करायचं म्हटलं, की सगळे ०.२२ वर अडून बसतात. मग एक गट म्हणतो, '०.२२ म्हणजे उगाच नखरे.' दुसरा म्हणतो, 'चाचणीत ०.४५ वापरणं म्हणजे डोळेझाक.' दोघंही चुकतात, आणि दोघांची चूक एकाच जागी आहे.

०.४५ ची ओळख करून देत बसत नाही. एचपीएलसी या विश्लेषणाच्या यंत्रात सोडायचा द्रव गाळणाऱ्याला तो पाठ असतो. आणि ०.२ की ०.२२ यावर कृपा करून परचेसवाल्यांशी वाद घालू नका. कामाच्या दृष्टीने ती एकच जात आहे, फरक लेबलापुरता.

खरा घोळ 'छिद्राचा आकार' या शब्दांनी केला आहे. ते वाचलं की डोळ्यांसमोर पिठाची चाळणी येते: भोक ०.४५ चं, जंतू ०.५ चा, अडकला. ट्रॅक-एच्ड पॉलिकार्बोनेट नावाच्या मेम्ब्रेनमध्ये खरोखर तशी गोल, सरळ भोकं असतात. पण आपण रोज वापरतो ते पीईएस, पीव्हीडीएफ किंवा नायलॉन या प्लास्टिकचे मेम्ब्रेन आतून वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखे असतात. वाकड्यातिकड्या वाटा, कुठे रुंद, कुठे चिंचोळ्या. जंतू अडकतो तो या गुंत्यात कुठेतरी. ०.२२ हा आकडा त्यातलं एकेक भोक मोजून आलेला नाही. ती परीक्षा पास झाल्याची श्रेणी आहे.

परीक्षक आहे ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा नावाचा बारकासा जीवाणू. मेम्ब्रेनच्या दर चौरस सेंटिमीटरवर किमान १ कोटी जीवाणू सोडायचे आणि खाली उतरलेल्या द्रवात एकही सापडता कामा नये. सिरिंजच्या तोंडाला लावायच्या २५ मिमीच्या सिरिंज फिल्टरला गाळायला साधारण ४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे ४ कोटी जीवाणू अंगावर घेऊन एकही खाली सोडायचा नाही. ०.४५ ची परीक्षा यापेक्षा बरीच सोपी होती. तिथला नेहमीचा जीवाणू सेराशिया मार्सेसेन्स, अंगाने थोराड.

हा थोराड परीक्षक पुरेसा नाही, हे १९६०च्या दशकात कळलं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएतल्या फ्रान्सिस बोमन यांना ०.४५ मधून गाळलेल्या, म्हणून निर्जंतुक धरलेल्या माध्यमात (जंतूंना वाढवणाऱ्या खाद्यद्रवात) जंतूंची वाढ दिसली. तो हाच डिमिन्युटा होता, तेव्हाचं त्याचं नाव स्यूडोमोनास डिमिन्युटा. तो सर्रास पार होत नव्हता. वर गर्दी फार झाली की मोजके निसटत होते. सगळं मर्म या 'मोजके'मध्ये आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. नमुन्यात १०,००० जंतू आहेत आणि ०.४५ मधून एक निसटला. चाचणी चालू असेल तर ९,९९९ मेम्ब्रेनवर बसले आहेत. मेम्ब्रेन माध्यमात टाकला की ते गढूळ होणार आणि बॅच नापास होणार. निसटलेल्याला कुणी विचारत नाही. तोच मेम्ब्रेन औषध गाळायला वापरला असेल, तर अडकलेले ९,९९९ कचऱ्यात जातात आणि निसटलेला एक व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या कुपीत, उतरतो. तिथे तो एकाचे अनेक होऊ शकतो, हे मायक्रोबायॉलॉजीवाल्यांना सांगायला नको. मेम्ब्रेनने दोन्ही वेळा अगदी सारखंच काम केलं. चाचणीत आपण 'जंतू आहेत का?' असं विचारतो आणि वर काय राहिलं ते बघतो. निर्जंतुकीकरणात 'एक तरी उरला का?' असं विचारतो आणि खाली काय आलं ते बघतो.

मग चाचणीतही ०.२२ घ्यायला काय हरकत आहे? वेळ, आणि जंतूंची उपासमार. दाटसर नमुना ०.२२ वर लगेच तुंबतो, शिवाय नमुन्यातलं अँटिबायोटिक धुऊन काढायला मेम्ब्रेनवरून १००-१०० मिलि द्रव पुन्हा पुन्हा ओढावा लागतो. आणि पाण्याच्या चाचणीत मेम्ब्रेन आगारवर (अन्न मिसळलेल्या जेलीवर) ठेवतो, तेव्हा वरच्या वसाहतीला अन्न खालून त्याच वाटांनी चढतं. वाटा चिंचोळ्या केल्या तर पकडलेले जंतू वाढायलाच कुरकुर करतात.

आता माझा कायमचा राग: पाकिटावरचा 'स्टराइल' हा शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की आतला फिल्टर स्वतः निर्जंतुक आहे. त्यातून जाणारं काही निर्जंतुक होईल, असं तो म्हणत नाही. ०.४५ चा फिल्टरही स्टराइल पाकिटात मिळतो. आमच्याकडे एकाने पाकिटावर भरवसा ठेवून ग्लुटामिनचं (पेशींच्या खाद्यातल्या अमिनो आम्लाचं) द्रावण त्यातून गाळलं आणि सेल कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना, घातलं. तिसऱ्या दिवशी पेशींचा लालसर मीडिया लिंबासारखा पिवळा पडला: आत जंतू वाढले होते. उलटही घडतं: बरणीत १०० सुटे मिळणारे ०.२२ चे फिल्टर स्टराइल नसतात, ते आधी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) करावे लागतात आणि त्यांच्या प्लास्टिकला ते सोसतं का, तेही बघावं लागतं. आणि रंगावरून फिल्टर उचलू नका. एका कंपनीचा पिवळा ०.४५ असतो, दुसरीचा पिवळा ०.२२.

'टू टू' म्हणजे ब्रह्मास्त्र असंही नाही. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूला पेशीभित्तिकाच नाही, तो अंग चोरून पार होतो. म्हणून पेशींना घालायचं सीरम ०.१ मधून गाळतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डोकं वर काढणारा लेप्टोचा जंतू, लेप्टोस्पायरा, इतका सडपातळ असतो, की इतर जंतूंच्या भेसळीतून त्याला वेगळा काढायलाच ०.२२ चा फिल्टर वापरतात. एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जंतूंच्या अंगातलं विष, तर सरळ खाली उतरतं. जंतू मेले तरी ताप आणणारा माल द्रावणातच राहतो.

आणि परीक्षा त्या जातीने पास केली आहे, तुमच्या हातातल्या नगाने नाही. त्यासाठी बबल पॉइंट, म्हणजे भिजलेल्या मेम्ब्रेनमधून किती दाबाला बुडबुडे सुटतात ते बघायचं. मेम्ब्रेन पाण्याने नीट भिजवायचा, खालची नळी बीकरमधल्या पाण्यात बुडवायची आणि वरून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. पीव्हीडीएफचा ०.२२ साधारण ५० पीएसआयपर्यंत (हे दाबाचं माप) गप्प राहतो, मग सलग बुडबुडे सुटतात. त्याच जातीचा ०.४५ निम्म्याच्या आसपासच बोलायला लागतो. आधीच बुडबुडे आले, तर पुन्हा नीट भिजवून बघा. तरीही आले तर तो फेका. सिरिंज फिल्टरवर एवढा सोपस्कार कुणी करत नाही, पण २ मिलिच्या सिरिंजने अंगठ्याचा जोर लावण्याऐवजी १० मिलिची घ्या; सिरिंज जितकी बारीक तितका दाब जास्त. घट्ट जाणारा दट्ट्या मध्येच एकदम हलका झाला, तर फिल्टर मोकळा झालेला नाही, फाटला आहे.