७ भागिले २ किती, या वादाची पार्श्वभूमी

प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये ७ / २ चं उत्तर ३ यावं की ३.५, हा जुना वाद आहे. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांवरून फारसं कोणी भांडलं नाही. गुणाकाराला * आलं ते १९५७ च्या फोरट्रान या भाषेपासून, कारण पंचकार्डच्या (भोकं पाडून कोड लिहायच्या कार्डांच्या) मशीनवर × नव्हतंच, आणि घातासाठी ** सुद्धा तिथलंच. खरा घोळ भागाकाराचा आहे.

अल्गोल ६० या भाषेत हे नीट वेगळं ठेवलं होतं, / म्हणजे दशांशासकट उत्तर आणि ÷ म्हणजे फक्त पूर्णांक. पास्कलनंही पूर्णांकासाठी वेगळा शब्द ठेवला. सी मात्र फोरट्रानच्या वाटेनं गेली, दोन्ही बाजूला इंटिजर (पूर्णांक) असले की ७ / २ चं उत्तर ३. तिथे ते चालून जातं कारण व्हेरिएबलचा टाइप (पूर्णांक की दशांश) आधीच लिहिलेला असतो, वाचणाऱ्याला दिसतो.

पायथननं हाच नियम उचलला आणि तिथे तो चुकीचाच होता. टाइप लिहायचाच नाही म्हटल्यावर सरासरी काढणाऱ्या फंक्शनला कोणी ३.० आणि ४ दिले तर ३.५ येणार, ३ आणि ४ दिले तर ३, आणि एरर काहीच नाही, चुकीचा आकडा गुपचूप पुढे जाणार. / नं नेहमी दशांशासकट उत्तर द्यायचं असा बदल २००१ मध्ये ठरला तेव्हा जोरदार विरोध झाला, जुना कोड मोडेल म्हणून, आणि ती भीती खरीच होती कारण तो मोडणंही तितकंच गुपचूप असतं. म्हणून पायथनच्या २.२ या आवृत्तीत आधी पूर्णांक भागाकारासाठी // आणलं, नवा / ज्याला हवा त्यानं फाइलच्या वर एक ओळ लिहून चालू करायचा, आणि सगळ्यांसाठी तो बदलला थेट ३.० मध्ये, डिसेंबर २००८ ला. सात वर्षं दिली होती! तरी पुढे कितीतरी जण २.७ लाच चिकटून बसले, त्याचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीला संपेपर्यंत. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

निगेटिव्ह आकड्यांचं भांडण मात्र अजून आहेच. -७ ला २ नं भागलं तर काय करायचं हे सीच्या १९८९ च्या स्टँडर्डनं कंपायलरवर (कोड मशीनला कळेल असा करून देणाऱ्या प्रोग्रामवर) सोडलं होतं, १९९९ मध्ये शून्याकडे कापायचं ठरलं, म्हणजे -३ आणि बाकी -१. पायथनमध्ये // खालच्या पूर्णांकावर उतरतं, -४ आणि बाकी १. भाजक पॉझिटिव्ह असेल तर बाकी कधीच निगेटिव्ह येत नाही, त्यामुळे % ७ (% म्हणजे बाकी काढणं) लावून वार मागे मोजत गेलं तरी उत्तर ० ते ६ मध्येच राहतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये % सीसारखंच चालतं, तिकडे तोच कोड नेताना % च्या उत्तरात ७ मिळवून पुन्हा % ७ घ्यावं लागतं.