छायाचित्रांचे घरगुती मुद्रण

छायाचित्रांचे घरगुती मुद्रण : मोबाइलवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला फोटो स्टुडिओत वा लॅबमध्ये न देता घरच्या संगणकावरून, मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने, साध्या रंगीत प्रिंटरवर छापून घेण्याची पद्धत. बोलण्यात याला ‘घरीच प्रिंट काढणे’ म्हणतात. पोस्टकार्ड साइज (४ × ६ इंच), पासपोर्ट साइज (३५ × ४५ मिमी.) आणि ए४ (२१० × २९७ मिमी.) हे तीन आकार नेहमीचे. प्रस्तुत नोंद इंदूरच्या मराठी घरांतील वापर समोर ठेवून लिहिली आहे.

पूर्वपीठिका : इंदुरात फोटो कागदावर उतरवण्याचा विचार छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यापासून करावा लागतो. मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. त्यांनी कॅमेरा नेमका केव्हा हाती घेतला याबद्दल एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १८६८ हे त्यांच्या स्टुडिओच्या स्थापनेचे वर्ष दिलेले आढळते, तर काही ठिकाणी छायाचित्रणाचा आरंभच १८७४ च्या सुमारास झाल्याचे म्हटले आहे. १८७५–७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्याची छायाचित्रे त्यांनी काढली. दीड-दोन वर्षांच्या सरावावर एवढे काम मिळणे अवघड, असा युक्तिवाद पहिल्या मताच्या बाजूने करता येतो. मात्र तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांची ज्यांच्याशी गाठ घालून दिली ते हेन्री डेली मध्य भारतासाठी गव्हर्नर-जनरलचे एजंट झाले १८७१ मध्ये. हा दुवा लक्षात घेता स्टुडिओचा काळ १८७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. १८६८ ही फार तर हौसेच्या सुरुवातीची खूण मानावी.

या कालनिर्णयापेक्षाही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्या काळची छापण्याची रीत. काचेची निगेटिव्ह पट्टी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदाला चिकटवून उन्हात ठेवत. हा कागद फ्रान्समधील ब्लांकार-एव्रार यांनी १८५० मध्ये प्रचारात आणला. काच जेवढी, तेवढाच फोटो. त्यामुळे कडेचे काय कापले जाणार हा प्रश्नच उद्भवत नसे. चित्र लहानमोठे करून छापण्याची सोय झाली आणि हा प्रश्न जन्माला आला. आज घरी प्रिंट काढताना होणाऱ्या बहुतेक फजितीचे मूळ तोच प्रश्न आहे.

आकाराचे गुणोत्तर : रोलच्या कॅमेऱ्याची चौकट २४ × ३६ मिमी. होती. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि हे ३:२ प्रमाण रूढ झाले. पोस्टकार्ड साइजही ३:२ असल्याने रोलमधला फोटो त्यावर चपखल बसे. मोबाइलचा फोटो मात्र सामान्यतः ४:३ असतो. हे प्रमाण जुन्या दूरचित्रवाणीच्या आणि संगणकाच्या पडद्याकडून आले. ४:३ फोटो ४ × ६ कागदभर पसरवला की त्याची एक बाजू सुमारे ११ टक्के कमी होते. मुंजीतला आडवा ग्रूप फोटो असेल तर मागे उभ्या असलेल्या काकांचे डोके आणि पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांचे गुडघे जातात. उभा फोटो असेल तर दोन्ही टोकांची माणसे अर्धी होतात. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून ‘प्रिंट’ दाबल्यावर जी खिडकी उघडते (तिचा पूर्वज २००१ च्या विंडोज एक्सपीतला), तिच्यात खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ असा चौकोन आधीच खूण केलेला असतो. ‘फिट’ या शब्दाने माणूस फसतो. ती खूण म्हणजे कागद भरा, उरेल ते कापा. खूण काढली की फोटो अख्खा येतो आणि दोन बाजूंना पांढरी पट्टी राहते. कोणती बाजू कापायची हे फोटोतली माणसे ओळखणाऱ्यानेच ठरवावे, यंत्रावर सोडू नये. त्यासाठी छापण्याआधी ३:२ प्रमाणात स्वतः क्रॉप करून घेणे हा एकच भरवशाचा उपाय आहे.

‘३००’ हा आकडा : फोटोसाठी इंचाला ३०० पिक्सेल हवेत, असे सर्वत्र सांगितले जाते. त्या हिशेबाने ४ × ६ साठी १२०० × १८००, तर ए४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. हा आकडा आला कुठून याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले मुद्रणव्यवसायातले. चांगल्या कागदावरील मासिकांची चित्रे इंचाला सुमारे १५० रेघांच्या हाफटोन जाळीने (लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणाऱ्या) छापत आणि मूळ चित्रात त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत असा संकेत होता; १५० ची दुप्पट ३००. दुसरे डोळ्याचे. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे पाहू शकतो. २५ ते ३० सेंमी. अंतरावर हे अंतर ०.०७ ते ०.०९ मिमी. भरते, म्हणजे इंचाला साधारण २९० ते ३५०. तिसरे स्पष्टीकरण १९८४ च्या सुमारास आलेल्या पहिल्या स्वस्त लेझर प्रिंटरकडे बोट दाखवते, कारण ते इंचाला ३०० ठिपके टाकत. पण ते ठिपके एकतर काळे, नाहीतर कोरे. अनेक ठिपके मिळून राखाडीची एक छटा होते, त्यामुळे पिक्सेलशी त्यांची बरोबरी करता येत नाही. डोळ्याचे स्पष्टीकरण हा आकडा का टिकला ते सांगते. तो आला कसा हे पहिल्या स्पष्टीकरणात अधिक नीट उलगडते.

याच गोंधळाची दुसरी बाजू प्रिंटरच्या खोक्यावर दिसते. ५७६० × १४४० सारखा आकडा शाईचे थेंब किती बारकाईने ठेवता येतात ते सांगतो. तेवढे पिक्सेल फोटोत असण्याची गरज नाही. तसेच फाइलमध्ये ‘७२ डीपीआय’ (इंचाला ७२ ठिपके) असे दिसले म्हणून फोटो खराब ठरत नाही. तो आकडा १९८४ च्या मॅकिन्टॉशच्या पडद्यापासून चालत आलेला आहे आणि छापताना बदलता येतो. मोजायचे ते एकूण पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या दर्जाने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. ४ × ६ वर तो इंचाला सुमारे २६६ पडतो आणि सुरेख दिसतो. ए४ वर जेमतेम १३७ पडतो आणि हाताच्या अंतरावरूनही मऊ वाटतो. म्हणून लग्नाचे फोटो नातेवाइकांकडून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे मूळ फाइल येते.

सॉफ्टवेअर : येथे मोफत आणि मुक्त हा भेद ध्यानात घ्यावा. इर्फानव्ह्यू (१९९६ पासून) घरगुती वापरासाठी मोफत आहे, पण त्याचा स्रोत (प्रोग्रॅमची मूळ संहिता) खुला नाही. बोस्नियात जन्मलेल्या इर्फान स्किल्यान यांनी ते लिहिले. जुन्या, हळू संगणकावरही ते झटकन उघडते. शिफ्ट आणि सी एकत्र दाबले की त्यात ठरावीक प्रमाणाची क्रॉप चौकट मिळते आणि छापण्याच्या खिडकीत इंच किंवा सेंटिमीटर स्वतः लिहिता येतात. गिम्प हे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये बर्कली येथे सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर. त्यात ‘प्रिंट साइज’ बदलताना पिक्सेलला धक्का लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. लिनक्सवर गिम्पसाठी लिहिलेल्या छपाईच्या जोडणीतूनच पुढे गुटेनप्रिंट ही चालक-प्रणाली (प्रिंटर ड्रायव्हर) वाढली. पिकासा या कामाला फार सोयीचे होते, पण २०१६ मध्ये ते थांबवण्यात आले. एका पानावर अनेक फोटो मांडायचे तर लिब्रेऑफिस ड्रॉ पुरेसे आहे.

या मांडणीचे एक गणित उपयोगी पडते. ए४ कागदावर पोस्टकार्ड साइजचे तीन फोटो बसतात, वर दोन उभे शेजारी शेजारी आणि खाली एक आडवा. दोन उभ्यांची रुंदी ८ इंच, कागदाची ८.२७, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन मिलिमीटरांहूनही किंचित कमी जागा उरते. बहुतेक प्रिंटर कडेचे तीनेक मिलिमीटर सोडतातच, त्यामुळे हे केसाच्या अंतराने जमते. ४ × ६ च्या एका कागदावर पासपोर्ट साइजच्या आठ प्रती येतात : चारच्या दोन ओळी, एकूण १४० × ९० मिमी. प्रत्येक प्रत ४१३ × ५३१ पिक्सेलची करावी. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवावे, नाहीतर ३५ मिमी.चा फोटो ३३ चा निघतो आणि अर्जावरच्या चौकटीत बसत नाही.

कागद व शाई : खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत ग्लॉसी कागद पाकिटाने मिळतो, १८० ते २७० जीएसएममधला (चौरस मीटरला ग्रॅम) कोणताही चालतो. लेप एकाच बाजूला असतो. ओळखू येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओले बोट टेकवावे. चिकटेल ती छापायची बाजू. घरच्या टाकीवाल्या प्रिंटरांत पुष्कळदा काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि तीन रंग डायचे (द्रवात विरघळलेल्या रंगाचे) असतात. प्रिंटरला ‘ग्लॉसी’ सांगितले की तो काळी बाजूला ठेवून तीन रंगांतूनच काळे तयार करतो. ‘प्लेन पेपर’ तसेच राहिले तर पिगमेंटची काळी लेपावर नुसती बसून राहते आणि अंगठा फिरवताच पैठणीच्या काठावरून नवरीच्या गालापर्यंत फरफटते. कागदाचा प्रकार निवडणे ही छपाईतली सर्वांत मोलाची एक क्लिक आहे.

प्रिंट पडद्यापेक्षा काळपट येते ही सार्वत्रिक तक्रार. पडदा स्वतः उजेड देतो, कागद खोलीतला उजेड परत पाठवतो. पडद्याची चमक निम्म्यावर आणून मग फोटो पाहावा. तेव्हा जो अंधारलेला वाटेल तो आधी उजळून घ्यावा. माळव्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात शाई नोझलमध्ये (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत) सुकते आणि प्रिंटवर आडव्या पट्ट्या येतात. आठवड्याला एक लहानसा रंगीत फोटो काढत राहिले तर हे टळते. पावसाळ्यात उलट, कागद पाकिटातून काढला की लगेच वापरावा.

विशेष उपयोग : घरी प्रिंट काढण्याची सर्वांत घाईची वेळ दुःखाची असते. घरातले कोणी गेले की तेराव्याआधी हार घालायला मोठा फोटो हवा असतो आणि एकट्याचा फोटो सापडत नाही. मग बारा जणांच्या ग्रूपमधून चेहरा कापला जातो. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत प्रत्येकाच्या वाट्याला तीनशे-सव्वातीनशे पिक्सेल येतात. ते ८ × १० इंचांवर ताणले की डोळे ओळखू येत नाहीत, आणि घरच्यांना तेच आधी खुपते. अशा वेळी चेहऱ्याचा आकार दोन-सव्वादोन इंचांपुढे नेऊ नये. पोस्टकार्ड साइजची प्रिंट काढून रुंद पांढऱ्या माउंटसह (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसह) मोठ्या फ्रेमीत बसवावी. आजी हसली तशीच दिसते.

जतन : छापलेला फोटो किमान एक दिवस उघडा वाळू द्यावा, लगेच काचेमागे घातल्यास ओल काचेच्या आत धरते. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. डायच्या शाईचा रंग ऊन आणि हवेतल्या ओझोनमुळे उडतो, म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. ग्लॉसी कागदाच्या पाठीवर साधी पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने कडेला, चेहऱ्यांच्या मागची जागा सोडून, प्रसंग, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत.